कोऱ्या कार्डाची पूजा

टेपचं चाक फिरेना, तेव्हा सगळ्यांनी आधी राहीकडे बघितलं. यंत्र बिघडलं की यंत्राकडे कोण बघतो? त्याला शेवटचा हात कोणाचा लागला ते आधी शोधायचं, ही आपली रीत. मला त्या रीतीचा संताप येतो, आणि संताप आला की मी बोलते, हे आमच्या कार्यालयात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

साल पंच्याऐंशी. आमचं रत्नागिरीचं कार्यालय पावसाच्या नोंदींचं. वेळणेश्वर, पूर्णगड, अलोरे अशा ठिकठिकाणांहून पर्जन्यमापकाचे आकडे आमच्याकडे यायचे, आम्ही ते संगणकात भरायचो आणि पावसाळा सरला की पुण्याच्या मुख्य कार्यालयाला गोषवारा पाठवायचो. संगणकही पुण्याने स्वतः वापरून झाल्यावर आमच्या गळ्यात घातलेला. नाव मिनी आणि आकार दोन गोदरेज कपाटांचा. मागच्या वर्षांचा सगळा पाऊस टेपवर होता, म्हणजे ताटलीएवढ्या चकत्यांवर गुंडाळलेल्या फितीवर. ती वाचता आली नाही तर गोषवारा व्हायचा नव्हता.

कार्यालयाचे प्रमुख श्रीपती लेले. पेन्शन दोन वर्षांवर आलेला, सज्जन, देवभोळा माणूस. आवाज इतका हळू की समोर बसलेल्याला कान पुढे करावा लागे. मी हेमा आगाशे, प्रोग्रॅम लिहिणारी. आणि राही मांडवकर, ऑपरेटर. देवरुखच्या पलीकडच्या गावची, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, तोंडाने फटकळ. एरवी ती माझ्यासारखंच बोलायची, पण चिडली किंवा गाव आठवलं की गावचं बोलणं बाहेर पडायचं. नोकरी हंगामी. सहा महिन्यांची ऑर्डर, ती संपली की पुण्याहून दुसरी. वडील भागोजी मुंबईची नोकरी सुटून घरी बसलेले, त्यामुळे घर तिच्याच पगारावर.

टेप बंद पडल्यावर देखभालीच्या कंपनीचा इंजिनिअर मुंबईहून आला. कोठारे नाव. रात्रभर एस.टी.त हाडं खिळखिळी करून आलेला आणि संध्याकाळच्या गाडीचं तिकीट आधीच काढून ठेवलेला. त्याने डिस्क तपासली, ती ठीक. टर्मिनल ठीक. टेपचं चाक हाताने फिरवून बघितलं, मोटर ठीक. मग तो टेप चालवणाऱ्या कार्डावर, म्हणजे चिपा जडवलेल्या पट्टीवर, आला आणि त्याने विचारलं, "टेपचं कार्ड शेवटी कोणी काढून बसवलं?"

"मी," राही म्हणाली.

"वीज चालू असताना बसवलंत. जळलं ते." एवढं बोलून त्याने पुण्याला तसं कळवलं आणि आमच्याकडचे मासे खाऊन निघून गेला.

दोन दिवसांनी पुण्याचा फोन आला. लेले साहेब खोलीत आले, खिडकीबाहेर बघत म्हणाले, "राही, नवी ऑर्डर निघणार नाही म्हणतात. महिनाअखेरीला तुला मोकळं करायचंय. मी काय करू गो, वरून आलंय."

"यंत्र बंद करून कार्ड बसवलं व्हतं मी!" राही उसळली. "वीज चालू नव्हती. आईशप्पत नव्हती!"

साहेबांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण नुसत्या वाईट वाटण्याने कोणाची ऑर्डर निघत नाही.

ते गेल्यावर मी राहीला म्हटलं, "रडायचं असेल तर आत्ता रड. नाहीतर काय झालंय ते शोधू या. महिनाअखेर अजून लांब आहे."

"रडतंय कोन?" डोळे पुसत ती म्हणाली. "कार्ड जळलंय की नाय, ते आदी बगूया."

हे बघणं सोपं होतं, पण कोठाऱ्याने केलं नव्हतं. संगणकात प्रत्येक कार्डाला स्वतःचा पत्ता असतो. मुख्य कार्डाकडून, म्हणजे सगळा हिशेब करणाऱ्या प्रोसेसरकडून, त्या पत्त्यावर एखादा आकडा पाठवता येतो आणि परत मागता येतो. मी टेपच्या कार्डाला आकडा पाठवला. परत मागितला. तोच आला. दुसरा पाठवला, तोही आला. स्थिती विचारली, तर टेप तयार आहे असं उत्तर.

राही स्क्रीनकडे बघत राहिली. "मेलेला माणूस ओ देतो काय, हेमाताई?"

देत नाही. म्हणजे कार्ड जिवंत होतं. पण फीत वाच म्हटलं की गप्प. हाक मारली की ओ द्यायचं, आणि स्वतःहून काही सांगायची वेळ आली की तोंड शिवून बसायचं. असं का? खरं सांगते, त्या क्षणी मला राहीच्या नोकरीचाही विसर पडला. अशी गाठ समोर आली की ती सुटेपर्यंत मला जेवण जात नाही.

आम्ही यंत्राबरोबर आलेली जाडजूड पुस्तकं काढली. त्यात कपाटाच्या पाठीमागच्या फळीचा नकाशा होता. कपाटात एकाखाली एक खण असतात आणि प्रत्येक खणात एक कार्ड बसतं. पाठीमागच्या फळीवरून तारा वरपासून खालपर्यंत सरळ गेलेल्या, प्रत्येक खणाला स्पर्श करत. या सामायिक तारांच्या जुडग्याला पुस्तकात बस म्हटलं होतं. नवं यंत्र घेतलं की त्याचं कार्ड रिकाम्या खणात सारायचं, झालं, ते सगळ्यांशी जोडलं गेलं. वेगळी तार ओढायला नको, सांधायला नको. मला ही कल्पना फार आवडली. एकच पाणंद, आणि सगळ्यांची दारं तिच्यावर उघडणारी.

"पण सगळेच एकदम बोलायला लागले तर?" राहीने विचारलं.

"तेच शोधत्ये."

नकाशात बोट फिरवता फिरवता तीच थांबली. "ही तार बघा. बाकीच्या सरळ खाली गेल्यात. ही सरळ जात नाही. प्रत्येक खणात एका बाजूने आत जाते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येते."

मी पुस्तक जवळ ओढलं. खरंच, एक तार तऱ्हेवाईक होती. बाकीच्या तारा कार्ड असो वा नसो, आपल्या वाटेने जात होत्या. ही मात्र प्रत्येक खणापाशी तुटलेली होती. कार्डाच्या आतून गेली तरच ती पुढे जाणार. मी शेजारचा मजकूर वाचायला लागले आणि राहीला मोठ्याने सांगत गेले. कार्डाला स्वतःहून काही द्यायचं असेल तर ते आधी सामायिक तारेवर हात वर करतं. प्रोसेसर मग या तऱ्हेवाईक तारेवरून परवानगी सोडतो. परवानगी पहिल्या कार्डाकडे जाते. त्याला बोलायचं असेल तर ते ती ठेवून घेतं, नसेल तर पुढच्या कार्डाकडे देतं. ते त्याच्या पुढच्याकडे. जो प्रोसेसरच्या जवळ, त्याचा मान आधी.

"म्हणजे जागेवरून मान," मी म्हटलं. "कामावरून नाही. सरकारी खात्यातलाच माणूस दिसतोय हे यंत्र बनवणारा."

राही हसली नाही. ती वेगळ्याच तंद्रीत होती. "आमच्याकडं शिमग्यात देवाची पालखी अशीच फिरते," ती म्हणाली. "आदी मानकऱ्याच्या घरी. त्याचं झालं की फुडच्या घरी. मदलं घर वगळून जायची नाय. भांडनं हुतात वगळलं तर."

"आणि घर बंद असलं तर? तुमचा निम्मा गाव मुंबईत."

"बंद घराची चावी शेजारनीकडं असते. ती कुलूप काढते, दिवा लावते, ओवाळते. मंग पालखी फुडं जाते." तिचं बोट नकाशावरून खाली सरकत होतं, आमची कार्डं ती आठवून मोजत होती. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, टर्मिनल. मग एक मोकळा खण. मग टेप. बोट मोकळ्या खणावर थांबलं. "इथं कोन उगडतं दार?"

मग मी यंत्र बंद केलं आणि कपाटाचं दार उघडलं.

मधला खण रिकामा होता. डिस्क आणि टर्मिनल त्याच्या वर, म्हणून ती चालत होती. परवानगी रिकाम्या खणापर्यंत यायची आणि तिथेच संपायची. टेपचं कार्ड हात वर करून खाली ताटकळत बसलेलं. त्याच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं. प्रोसेसर थोडा वेळ वाट बघून आपल्या कामाला लागत होता. टेपच्या बिचाऱ्या कार्डाचा दोष काहीच नव्हता, आणि राहीचा तर मुळीच नव्हता.

"पण मग हा खण रिकामाच असेल तर टेप आधी चालत कशी होती?" मी म्हटलं.

राहीने बॅटरी आत धरली. आमच्या खाऱ्या हवेत उघडं पितळ महिन्याभरात काळं पडतं. सगळ्यात खालचे खण कधीच वापरले नव्हते, त्यांचे संपर्क काळेकुट्ट होते. या मधल्या खणाचे लख्ख होते.

"इथं काल-परवापर्यंत काहीतरी होतं," ती सावकाश म्हणाली.

"कपाट शेवटचं कधी उघडलं?"

"खंडेनवमीला. तुम्ही रजेवर होता." आणि बोलता बोलता तिचा चेहरा बदलला. "सगळी कार्डं काढून खोडरबराने घासली आम्ही. साहेब काढून देत होते, मी घासून परत बसवत होते. एक अर्धंच होतं, त्याच्यावर चिप नाही, काही नाही. नुसत्या चार रेघा. साहेब म्हणाले, हे पूजेला घेऊ. मला वाटलं, जादाचं आहे."

मी तडक लेले साहेबांच्या खोलीत गेले. राही मागोमाग. साहेबांच्या खुर्चीमागे फळीवर सरस्वतीची तसबीर होती, आणि तसबिरीला टेकून ते कार्ड. हळद-कुंकू लावलेलं. समोर जास्वंदीचं ताजं फूल. खंडेनवमीपासून रोज त्या कार्डाची पूजा चालली होती आणि तिकडे त्याच्यावाचून यंत्राचा खोळंबा झाला होता.

मी सगळं सांगितलं. थोडं चढ्या आवाजात सांगितलं, खोटं कशाला बोलू? साहेब ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"चिपा असलेल्या कार्डाला कुंकू लावायचं कसं गो?" ते अगदी हळू म्हणाले. "बिघडलं म्हणजे? उदबत्ती नाही लावली, नारळ नाही फोडला. ज्यावर काहीच नाही असं एक कार्ड निवडलं. कुंकू लागलेलं परत यंत्रात कसं घालायचं, आणि पुजलेलं टाकायचं तरी कसं? म्हणून वर ठेवलं."

यातला प्रत्येक शब्द शहाण्या माणसाचा होता, हीच तर पंचाईत. त्या कार्डावर काही नव्हतं, कारण त्याचं काम एवढंच होतं, आलेली परवानगी पुढे देणं. यंत्र पुण्यात असताना त्या खणात दुसरं काहीतरी असणार. ते काढलं तेव्हा कोण्या शहाण्याने ही चार रेघांची शेजारीण तिथे बसवली होती.

साहेबांनी टेबलावर बोटाने खण मोजल्यासारखं केलं. मग एकदम उजळले. "मग असं करू या ना! टेपचं कार्ड एक खण वर सरकवू. रिकामा खण राहणारच नाही. टेपपासून येणारी वायर पुरेल?"

"पुरेल," मी म्हटलं. खरंच पुरली असती. साहेबांना बसचं मर्म आमच्याइतकंच कळलं होतं, याचं मला जरा कौतुकही वाटलं.

"झालं तर मग. हे इथे आहे तिथेच राहू दे. पुण्याला कळवतो, जोडणी सैल होती, आता नीट बसवली. कार्ड जळलेलं नाही म्हटल्यावर ते ओरडणार नाहीत."

"सैल कोनी बसवली?" राहीने विचारलं.

साहेब टेबलावरचे कागद सारखे करायला लागले.

"मीच ना? कार्डं मी बसवली. जळलं म्हटलं तरी मीच, सैल म्हटलं तरी मीच. मंग फरक काय पडला?" ती मागे हटली नाही. "मला यंत्र चालायला नकोय, साहेब. मला माझी ऑर्डर हवीय."

"राही, अगं, तुला ठाऊक नाही," साहेब कळवळून म्हणाले. "संगणकाची कसलीच पूजा करायची नाही असा पुण्याचा लेखी हुकूम आहे. मागे कुठेतरी कुणी नारळ फोडला आणि पाणी आत गेलं. मी हुकूम मोडलाय. पेन्शनला दोन वर्षं राहिली माझी."

"आणि तिची नोकरी?" मी म्हटलं. "ती कुठल्या देवाला वाहायची?"

हे बोलल्यावर मला वाटलं, जरा जास्तच झालं. पण शब्द बाहेर पडला होता, आणि परत घ्यावासाही वाटत नव्हता.

साहेब उठले. चपला काढल्या. फूल उचलून बाजूला ठेवलं, कार्डाला नमस्कार केला आणि ते खाली घेतलं. माझ्याकडे स्पिरिट मागितलं, कापसाने हळद-कुंकू पुसलं, खोडरबराने संपर्क घासले. आम्हाला हात लावू दिला नाही. यंत्राच्या खोलीत आले, वीज बंद आहे ना ते दोनदा विचारलं आणि स्वतःच्या हाताने ते अर्धं कार्ड मधल्या खणात सारलं.

मी यंत्र चालू केलं. राहीने टेप चढवली आणि वाचायचा हुकूम दिला.

चाकाला हिसका बसला. थांबलं. पुन्हा हिसका. आणि मग ते थबकत, धावत, पुन्हा थबकत फिरायला लागलं आणि स्क्रीनवर पूर्णगडचा पाऊस उतरायला लागला. राही टाळी वाजवून मोठ्याने हसली. मलाही इतका आनंद झाला की विचारू नका. चार रेघांनी एवढं मोठं धूड हलवलं होतं! साहेब टेपच्या काचेच्या दाराला नाक लावून लहान मुलासारखे बघत होते. "अरेच्चा," म्हणाले, "म्हणजे आता पोचलं त्याच्यापर्यंत."

मग ते आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

राहीचं हसू ओसरलं. "यंत्र चाललं," ती म्हणाली. "आता साहेबांना माझी गरज काय?"

साहेब वाईट नव्हते, पण भित्रे होते, आणि भित्र्या माणसाच्या चांगुलपणावर दुसऱ्याचं घर चालत नाही. मी मनातल्या मनात पुण्याला स्वतः फोन करायची वाक्यं जुळवत बसले. राही चुपचाप टेपा बदलत होती. काम अर्धवट टाकायचा तिचा स्वभाव नव्हता.

बऱ्याच वेळाने साहेबांच्या खोलीत ट्रंककॉलची लांब घंटा वाजली. त्या काळी पुण्याचा फोन नोंदवून वाट बघत बसावं लागे, आणि लागला तरी पलीकडचा माणूस विहिरीच्या तळाशी बसल्यासारखा ऐकू येई. साहेबांची कुजबुज सुरू झाली. भिंतीपलीकडे आम्हाला काहीच कळेना. पुण्यालाही कळत नसणार, कारण थोड्या वेळाने आवाज चढला.

"टेप चालू झाली म्हणतो! चालू!"

मी आणि राही दाराशी गेलो. बाहेरचे दोन कारकूनही माना उंचावून बघायला लागले.

"नाही, कार्ड जळलेलं नव्हतं. एक कार्ड काढून ठेवलेलं होतं. काढून!" साहेबांनी घाम पुसला. "कोणी? मी. मी काढलं." पलीकडून काहीतरी विचारणा झाली. "मी म्हणजे लेले! श्रीपती लेले! पूजेला!"

गेल्या कित्येक वर्षांत त्या माणसाचा एवढा आवाज आम्ही कोणी ऐकला नव्हता. शिपाई चहाची किटली हातात धरून जागच्या जागी उभा राहिला.

"होय साहेब, हुकूम ठाऊक होता! ठाऊक असून केली!" साहेबांच्या मानेवरची शीर ताठ झाली होती. त्यांनी आम्हाला दारात बघितलं, पण आवाज खाली आणला नाही. "त्या मुलीची चूक नाही! नाही, नाही! उलट तिनेच शोधून काढलं! मांडवकर! राही मांडवकर! तिची ऑर्डर थांबवू नका! जे काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा!"

राहीने माझा दंड धरला होता. तिची बोटं रुतत होती, आणि ती रडत होती, यावेळी लपवत नव्हती.

रिसीव्हरमध्ये मधेच एक्स्चेंजच्या बाईचा आवाज आला, तो मात्र आम्हाला दारापर्यंत स्वच्छ ऐकू आला. "तीन मिनिटं झाली. कॉल वाढवायचा आहे का?"

लेले साहेबांनी श्वास घेतला, खुर्ची मागे सारली आणि उभे राहिले.

"वाढवा," ते म्हणाले. "त्यांना अजून नीट ऐकू गेलेलं नाही."